कूलरच्या सीझनआधी दुकानासाठी मोबाइल प्लॅन ठरवायचा आहे (नागपूर)

वाळ्याची_ताटी

नमस्कार मंडळी.

मानेवाड्यात आमचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी पाहतो. होळी पेटली की फोन सुरू होतात: मोटर जळली, पंप पाणी उचलत नाही, गवताच्या ताट्या बदलायच्या आहेत. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की फोन खाली ठेवायला सवड नसते, आणि मृगाचा पाऊस पडला की सगळं शांत. सीझनमध्ये मी धरून पाच जण असतो. बाकी वर्षभर मी आणि एक जुने मिस्त्री काका.

आतापर्यंत ज्याचा त्याचा फोन आणि ज्याचा त्याचा नंबर होता. रिचार्जचे पैसे मी द्यायचो. गेले तीन सीझन कूलरवर जे स्टिकर लावले त्यावर आमच्या मुख्य कारागिराचा नंबर छापला, कारण फोन तोच उचलायचा. दिवाळीनंतर त्यानं स्वतःचं काम सुरू केलं. त्याचा तो हक्क आहे, हात चांगला आहे त्याचा. पण नंबर त्याच्या नावावर. मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर, अयोध्या नगर, या भागातल्या शेकडो कूलरवर तो नंबर चिकटलेला आहे. जुनं गिऱ्हाईक मार्चमध्ये कूलर काढेल आणि फोन त्याला लावेल. बाबांना हे सांगताना मला फार जड गेलं.

म्हणून यंदा पाचही नंबर दुकानाचे घ्यायचे आहेत. पोस्टपेड घ्यावं की प्रीपेड? पाचही प्लॅन एकसारखे घ्यावे का? "बिझनेस प्लॅन" म्हणून कंपन्या जे देतात त्यात आपल्यासारख्या छोट्या दुकानाचा काही फायदा आहे का? उलाढाल वीस लाखांच्या आत आहे, जीएसटी नोंदणी नाही.

रिचार्ज_प्रतापनगर

भाऊ, माझं रिचार्ज आणि सिमचंच दुकान आहे, त्यामुळे रोज हाच प्रश्न ऐकतो. प्लॅन पाहण्याआधी एक काम करा. गेल्या मे महिन्यात पोरांचा कामासाठी डेटा किती लागला आणि बोलणं किती झालं, ते सांगा. अंदाजे चालेल.

वाळ्याची_ताटी

काल दोघांच्या फोनमध्ये पाहिलं. कामाचा डेटा म्हणजे गिऱ्हाईकानं पाठवलेलं लोकेशन, जळालेल्या मोटरचा फोटो आणि यूपीआय. लोकेशनशिवाय तर होतच नाही, आपल्याकडे एकेका ले-आऊटला तीन-तीन नावं आणि प्लॉट नंबर उलटसुलट. एवढं सगळं धरून दिवसाला पाव जीबीसुद्धा जात नाही. बोलणं मात्र भरपूर. माझ्या फोनवर सीझनमध्ये दिवसाला ६०-७० कॉल, पोरांचे पंधरा-वीस.

रिचार्ज_प्रतापनगर

मग तुमचं उत्तर तुम्हीच दिलं. तुम्हाला बोलण्याचा प्लॅन पाहिजे, आणि गिऱ्हाइकं दुकानात येऊन विचारतात "सगळ्यात जास्त जीबी कशात?"

आता नीट सांगतो.

२८ दिवसांचा पॅक महिन्याचा समजून घेऊ नका. वर्षाचे १२ महिने, पण २८ दिवसांचे रिचार्ज १३ होतात. पाच सिम म्हणजे पाच जादा रिचार्ज. ट्रायनं (मोबाइल कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला सांगितलं की निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल असा ठेवा. ते पॅक असतात, पण दुकानदार स्वतःहून दाखवत नाही, ॲपमध्ये खाली शोधावे लागतात.

दुसरं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं नियम बदलला आणि फक्त बोलणं व एसएमएस असलेले पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं. अशा पॅकची मुदत आधी ९० दिवसांपर्यंतच असायची, ती ३६५ दिवसांपर्यंत नेली. दुकानात बसून फक्त फोन उचलायचा असेल तर हा पॅक उत्तम. पण कीपॅड फोनमध्ये टाकणार असाल तर आधी बघून घ्या. जिओचं जाळं फोर-जीपासूनच सुरू होतं, जुन्या टू-जी कीपॅड फोनमध्ये ते सिम चालत नाही.

फाइव्ह-जीच्या मोहात कामाच्या सिमसाठी पडू नका. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओ आणि एअरटेलचा अमर्याद फाइव्ह-जी साधारण दिवसाला २ जीबी किंवा जास्तीच्या पॅकशीच जोडलेला आहे. पाव जीबी वापरणाऱ्यानं त्याचे पैसे का भरावे?

आणि सीझनच्या पोरांसाठी ८४ दिवसांचा पॅक घ्या. कॅलेंडर काढून पाहा. १५ मार्चला मारला तर ६ जूनला संपतो, म्हणजे मृग लागायच्या तोंडावर. तुमच्या धंद्यासाठीच मोजल्यासारखा आहे.

वाळ्याची_ताटी

हे ८४ दिवसांचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. दादा, मग जून ते मार्च ही तीन सिम मरतील ना? पुढच्या वर्षी नवे नंबर घ्यावे लागतील?

रिचार्ज_प्रतापनगर

प्रीपेड सिमवर ९० दिवस कॉल, मेसेज, डेटा काहीच झालं नाही तर कंपनी ते बंद करू शकते. पण मेन बॅलन्समध्ये २० रुपये असतील तर ते कापून नंबर ३० दिवस पुढे जिवंत ठेवायचा, असा ट्रायचा नियम आहे. त्यामुळे थोडं टॉकटाइम भरून ठेवा. मात्र पॅक संपल्यावर येणारे कॉल बंद होतात, हे लक्षात घ्या. म्हणून पोरांच्या हातातले नंबर स्टिकरवर कधीच छापू नका. स्टिकरवर एकच नंबर, दुकानाचा, आणि तो बारा महिने चालू.

गांधीबागकर

वरच्या शेवटच्या ओळीला माझा पूर्ण पाठिंबा. आमचं कापडाचं ठोक दुकान. माल घ्यायला शिवनी-बालाघाटपासून लोक येतात, त्यांच्याकडे कितीतरी वर्षं जुन्या बिलावरचा आमचा नंबर असतो. कंपनी आम्ही दोनदा बदलली, नंबर बदलू दिला नाही.

पोस्टपेडबद्दल माझा अनुभव चांगला आहे. सहा नंबर एका बिलात येतात, एका तारखेला भरतो, भर दिवाळीत कोणाचा रिचार्ज संपला म्हणून फोन बंद पडला असं होत नाही. आणि बिलावरचा जीएसटी परत मिळतो.

हिशेबवही

गांधीबागकर काकांचं शेवटचं वाक्य सगळ्यांना लागू नाही, म्हणून लिहिते. मी छोट्या दुकानांचे रिटर्न भरते.

मोबाइल सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. पोस्टपेडची जाहिरात बहुतेक वेळा कर सोडून असते. समजा ५ नंबरचं भाडं मिळून २,००० रुपये, तर बिल येईल २,३६०. प्रीपेडची छापील किंमत मात्र करासकट असते. त्यामुळे ३९९ चा प्रीपेड आणि ३९९ चा पोस्टपेड शेजारी ठेवून तुलना केली तर चुकते, पोस्टपेडचे ४७१ रुपये होतात.

ते ३६० रुपये इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा करून, मिळवायचे तर तीन गोष्टी लागतात: तुमची नियमित जीएसटी नोंदणी हवी, कनेक्शन घेताना कंपनीला जीएसटी नंबर दिलेला हवा, आणि ते बिल तुमच्या २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरची तुमच्या खरेदीची यादी) दिसायला हवं. नंबर दुकानाच्या नावावर पण जीएसटी नंबर दिलाच नाही, अशी कितीतरी बिलं मी पाहते, त्यांचं क्रेडिट तसंच जातं. कंपोझिशनमध्ये (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोपी योजना) असाल तर क्रेडिट मिळतच नाही. ताटीवाल्या दादांची नोंदणीच नाही, म्हणजे त्यांना हा फायदा शून्य.

आयकरात मात्र धंद्यासाठीचा मोबाइल खर्च दाखवता येतो, नोंदणी असो वा नसो. घरचा वापर वेगळा काढायचा आणि रिचार्जच्या पावत्या जपून ठेवायच्या. ॲपमधून पीडीएफ निघते.

वाळ्याची_ताटी

ताई, खूप आभार. मी ३९९-३९९ हीच तुलना करून बसलो होतो.

हिंगणा_शेड

सगळे पैशाचं बोलून राहिले, नेटवर्कचं कोणीच बोलून नाही राहिलं. माझं हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं युनिट आहे. वर पत्रा, चारही बाजूंनी लोखंड. शेडच्या बाहेर फुल दांड्या अन् आत "संपर्क क्षेत्राबाहेर". सगळ्यांसाठी एकदम नवी सिमं घेतली होती, सहा महिने पस्तावलो. पार्टीचा फोन लागायचा नाही अन् ती पार्टी दुसऱ्याकडे जायची.

त्यामुळे भाऊ, मुख्य नंबर हलवायच्या आधी त्या कंपनीचं एक साधं सिम घ्या, २८ दिवसांचा लहान पॅक मारा अन् दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून फिरा. दुकानात मागच्या खोलीत, बेसा-बेलतरोडीच्या नव्या फ्लॅटच्या पार्किंगमध्ये, गच्चीवर, दुपारी अन् रात्री. कव्हरेजचे नकाशे आता कंपन्यांच्या वेबसाइटवर आहेत, तेही पाहा, पण नकाशा रस्त्यापुरता खरा असतो. तळघरात काय होते ते तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आमच्याकडे शेवटी वायफाय कॉलिंगनं काम झालं. शेडमध्ये ब्रॉडबँड होतंच, फोनच्या सेटिंगमध्ये चालू केलं अन् आवाज स्वच्छ. फोन अन् कंपनी दोघांनाही ते जमायला पाहिजे, एवढं आधी विचारून घ्या.

डागा_लेआऊट

मी थोडं वेगळं सांगतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी भरून वाहिला, नाग नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान तळमजल्यावर. मशीन गेल्या, काउंटरवर विसरलेला फोन गेला. एकच फोन, एकच नंबर. दुकानाचा तोच, बँकेचा तोच, यूपीआय तोच, व्हॉट्सॲप तोच.

दोन दिवसांनी नवं सिम मिळालं. तेव्हा कळलं की सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. फसवणूक टाळायला हा नियम आहे आणि तो योग्यच आहे, पण त्या दिवशी मला ओटीपी येईना, यूपीआय चालेना, आणि पंप भाड्यानं आणणाऱ्याला द्यायला हातात रोकड नव्हती. शेजाऱ्यांनी दिली. ते दिवस आठवले तरी घसा दाटतो.

तेव्हापासून बँकेचा आणि यूपीआयचा नंबर वेगळा ठेवला आहे. तो कुठे छापत नाही, कोणाला देत नाही, आणि तो फोन घरीच असतो. गिऱ्हाइकाचा नंबर वेगळा. ताटीवाले भाऊ, तुमचा स्टिकरवरचा नंबर शेकडो घरांत जाणार, त्याला बँक जोडू नका.

रिचार्ज_प्रतापनगर

डागा लेआऊट दादा, हे फार मोलाचं सांगितलंत. माझ्याकडे सिम हरवलेले लोक येतात तेव्हा हीच घालमेल पाहतो.

पोरांना सिम देण्याबाबत एक राहिलंच. पाचही सिम तुमच्या एकट्याच्या आधारवर घेऊन वाटून टाकू नका. एका माणसाच्या नावावर नऊच सिम चालतात, त्यात घरच्यांची किती आहेत ते आधी सरकारच्या संचारसाथी पोर्टलवर पाहा, लोकांना स्वतःच्या नावावरची चार-पाच अनोळखी सिमं तिथं सापडतात. आणि तुमच्या नावावरच्या सिमवरून कोणी काही भलतं केलं तर पहिली विचारणा तुमच्याकडेच होते.

रीतसर मार्ग म्हणजे दुकानाच्या नावावर बिझनेस कनेक्शन. १ डिसेंबर २०२३ पासून एकगठ्ठा सिम घ्यायची जुनी बल्क पद्धत बंद झाली. आता दुकानाची कागदपत्रं लागतात आणि सिम वापरणाऱ्या प्रत्येकाची केवायसीही होते. नंबर दुकानाचा राहतो, वापरणारा कोण हेही नोंदलेलं असतं. माणूस सोडून गेला की नव्या माणसाची केवायसी करून तोच नंबर त्याला द्यायचा. तुमचं दुखणं नेमकं इथंच होतं.

वाळ्याची_ताटी

हो दादा, अगदी इथंच. तीन वर्षांपूर्वी हे कोणी सांगितलं असतं तर!

महालातली_गिरणी

भाऊ, मी मसाले-पिठाची गिरणी चालवते, महालात. सासऱ्यांच्या काळापासून ०७१२ चा लँडलाइन नंबर आहे. सगळे म्हणाले काढून टाका, मी नाही काढला. आता तो फायबरवर चालतो, इंटरनेटही त्याच बिलात.

सांगायचं हे की व्हॉट्सॲप बिझनेस त्या लँडलाइन नंबरवरच सुरू केलंय. मेसेजऐवजी कॉल येतो, त्यावर कोड सांगतात, तो टाकला की झालं. आता गिऱ्हाईक फोन करो की मेसेज, नंबर एकच. तिखट किती, हळद किती, सगळं त्यावर येतं. ॲप माझ्या मोबाइलवर आहे आणि मुलीच्या लॅपटॉपवर जोडलंय. आधी "आज गिरणी बंद आहे" हे मी दिवसातून चाळीसदा टाइप करायची, आता तयार उत्तर जाते.

तुमच्या दुकानात ब्रॉडबँड असेल तर विचार करा. लँडलाइन कोणाच्या खिशात घालून निघून जात नाही. एकच, लँडलाइनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य दाबावा लागतो, २०२१ पासून.

वाळ्याची_ताटी

ताई, हे फार आवडलं. पण आमची जुनी गिऱ्हाइकं मोबाइल नंबरलाच सरावलेली आहेत. बाबांच्या नावावर एक जुना नंबर आहे, २००९ पासूनचा. सगळ्यात जुन्या पावत्यांवर तोच आहे, आता घरीच पडून असतो. तोच दुकानाचा मुख्य नंबर करावा असं वाटून राहिलं. पण त्या कंपनीचं नेटवर्क आमच्या दुकानात कमजोर आहे.

हिंगणा_शेड

पोर्ट करा ना मग! त्यासाठीच तर आहे.

रिचार्ज_प्रतापनगर

२००९ चा नंबर म्हणजे सोनं आहे भाऊ. असा करा.

त्या सिमवरून १९०० वर मेसेज पाठवा, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत पोर्ट लिहून एक जागा सोडून दहा आकडी नंबर. आठ अक्षरांचा कोड येतो, आपल्या सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या आपल्या विभागात, तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीकडे जायचं, बाबांना सोबत न्यावं लागेल कारण केवायसी त्यांची. सर्कल तेच असेल तर तीन कामाचे दिवस लागतात. मुंबईचा नंबर नागपुरात आणला तर सर्कल बदलते, मग पाच. कंपनीच्या नावावरचे नंबर असतील तरी पाच.

अडतं कुठे, तर जुनं पोस्टपेड बिल बाकी असेल, सध्याच्या कंपनीत ९० दिवस झाले नसतील, किंवा सात दिवसांच्या आत सिम बदललेलं असेल. हा सात दिवसांचा नियम १ जुलै २०२४ पासून आहे. नाव बदलायची प्रक्रिया अर्धी असेल तरी अडतं, म्हणून पोर्ट आणि नाव बदलणं एकाच वेळी सुरू करू नका. आधी एक पूर्ण होऊ द्या.

जुन्या सिममधला बॅलन्स आणि उरलेली मुदत जाते, तेव्हा पॅक संपत आल्यावरच करा. आणि आत्ताच, फेब्रुवारीत करा. मध्ये काही तास सिम बंद राहते, ते एप्रिलमध्ये परवडणार नाही.

गांधीबागकर

आणि नेटवर्क पूर्ण झोपलं तर गप्प बसू नका. १ एप्रिल २०२५ पासून, जिल्ह्यात २४ तासांहून जास्त मोठा बिघाड राहिला तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ द्यायची, असा नियम आहे.

कोराडी_पाईपलाईन

थोडा आगाऊ प्रश्न. प्लंबिंगचं काम करतो. सीझनआधी जुन्या गिऱ्हाइकांना एकदम हजार एसएमएस टाकले तर? रोज १०० मोफत मिळतातच.

हिशेबवही

करू नका दादा. जाहिरातीचे मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून पाठवायला परवानगी नाही, त्यासाठी डीएलटी नोंदणी (मेसेज पाठवणाऱ्या धंद्यांची मोबाइल कंपन्यांकडची नोंद) आणि मंजूर मजकूर लागतो. कोणी १९०९ वर तक्रार केली तर नंबरच बंद होऊ शकतो, आणि तोच तुमच्या धंद्याचा नंबर असेल. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरा. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, त्यामुळे त्रासही कोणाला होत नाही.

वाळ्याची_ताटी

मंडळी, ठरलं. उशिरा लिहितो आहे, काम सुरू होतं.

बाबांचा २००९ चा नंबर पोर्ट केला. आधी त्या कंपनीचं सिम घेऊन दहा दिवस फिरलो, बेसापर्यंत. बाबा स्वतः सोबत आले, अंगठा देताना म्हणाले, "पहिल्या कूलरच्या पावतीवर हाच नंबर होता." तो दुकानाचा मुख्य नंबर. त्याला वर्षाचा बोलण्याचा पॅक मारला, दुकानात वायफाय आहेच, त्यामुळे व्हॉट्सॲप बिझनेस त्यावर आरामात चालते. नाव बदलून दुकानाच्या नावावर करणं सीझननंतर.

मिस्त्री काकांना बारमाही पॅक, दिवसाला १ जीबीचा. तिन्ही पोरांना दुकानाच्या नावाची सिम, १५ मार्चला ८४ दिवसांचा पॅक. बँक आणि यूपीआय माझ्या जुन्या नंबरवर, तो आता कोणालाच देत नाही. पोस्टपेड नाही घेतलं, हिशेबवही ताईंनी सांगितल्यावर मन वळलं.

जुन्या कारागिराला मी भेटून आलो. त्याला म्हणालो, नंबर तुझाच आहे, ठेव, पण कोणी दुकानाचं नाव घेऊन विचारलं तर आमचा नंबर सांग. तो हो म्हणाला. चहा पाजला त्यानं.

आता जुन्या पावतीपुस्तकांतून पत्ते काढून घरोघर जाऊन राहिलो, नवे स्टिकर लावायला. कालपर्यंत १४० झाले. एकच अडचण उरली. उन्हात आणि पाण्यात स्टिकरचा आकडा एका वर्षात उडतो. कोणाकडे काही उपाय?

महालातली_गिरणी

स्टिकर सोडा भाऊ. पत्र्याची स्टेन्सिल कापून घ्या आणि ऑइल पेंटनं नंबर मारा. आमच्या पिठाच्या डब्यांवर सासऱ्यांनी मारलेला नंबर अजून वाचता येतो.

हिंगणा_शेड

स्टेन्सिल मी कापून देतो, शेडमध्ये या. आकडा दीड इंचाचा घ्या अन् ताटीच्या चौकटीवर मारू नका, ताटी बदलली की जाईल. पाण्याच्या टाकीच्या वरच्या पट्टीवर मारा.

वाळ्याची_ताटी

दादा, रविवारी सकाळी येतो. नंबर सोबत लिहून आणतो.